सिनेस्थेशियाला मराठीत काय म्हणायचं, आणि नेमकं कशाला म्हणायचं?

खासबागेची

नमस्कार मंडळी. एका शब्दासाठी अडून बसले आहे.

माझी मुलगी पाचवीत आहे. तिसरीत असताना पाढे म्हणता म्हणता एकदम म्हणाली, "आई, सातचा पाढा मला नको वाटतो, सगळा मातकट आहे." मला वाटलं, कंटाळा आलाय. मग कळलं की तिला प्रत्येक अंकाला आणि बहुतेक अक्षरांना रंग आहे. 'क' विटकरी, 'म' दुधाळ पांढरा, 'ल' ओल्या पोपटी पानासारखा. शाईचा रंग काळाच दिसतो, पण 'ल' वाचला की पोपटी "येतो". तिचा शब्द हाच, रंग येतो.

चौथीत तिनं वहीत शब्द त्यांच्या त्यांच्या रंगात लिहिले. वर्गात सगळ्यांसमोर ती वही उंच धरून दाखवली गेली आणि "नाटकं करायची नाहीत" असं ऐकवलं गेलं. त्यानंतर वर्षभर तिनं माझ्याशीही हा विषय काढला नाही. ते वर्ष मला अजून टोचतं.

मध्यंतरी मी तिला वर्णमालेचा कोरा तक्ता देऊन रंग लिहायला सांगितले, तक्ता कपाटात ठेवला आणि चार महिन्यांनी न सांगता पुन्हा विचारलं. दोन अक्षरं सोडली तर सगळे रंग तेच. 'ण' पहिल्यांदा "करड्यात थोडा जांभळा" होता, दुसऱ्यांदाही करड्यात थोडा जांभळाच. असं कुणी पाठ करून ठेवत नाही.

आता आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या मुलांच्या हस्तलिखितासाठी मी यावर दोन पानं लिहिते आहे. याला इंग्रजीत सिनेस्थेशिया म्हणतात, त्यासाठी 'सहसंवेदना' असा शब्द वापरला. पहिला खर्डा दिरांनी वाचला आणि म्हणाले, "दुसऱ्याचं दुःख आपलं वाटणं, छान विषय घेतलास." शेजारच्या काकू म्हणाल्या, "पुरणपोळी खाताना तुपाचा वास आणि गोडी एकत्र लागते, तेच ना?" दोघांचाही दोष नाही, शब्दच तसा आहे. म्हणून दोन प्रश्न. मराठीत शब्द कोणता? आणि तो नेमका कशापुरता वापरायचा?

भूलवाली

मी भूलतज्ज्ञ, त्यामुळे हा शब्द आमच्या घरातलाच. ग्रीकमध्ये 'ऐस्थेसिस' म्हणजे संवेदन. त्याला 'अन' लागला की अ‍ॅनेस्थेशिया, संवेदन नसणं. 'सिन' म्हणजे सोबत, तो लागला की सिनेस्थेशिया, संवेदनं सोबत येणं. सख्खे भाऊ आहेत दोघं. अ‍ॅनेस्थेशियाला मराठीनं किती सुंदर शब्द दिला बघा: भूल. दोन अक्षरं. खेड्यातली आजीसुद्धा विचारते, "भूल पुरी देणार का अर्धी?" दुसऱ्या भावाला असा शब्द मिळाला नाही, कारण त्याची गरज कुणाला पडलीच नाही.

तुमच्या मुलीची ती चाचणी तुम्ही नकळत अगदी शास्त्रशुद्ध केलीत. संशोधकही हेच करतात. रंग विचारायचे, मोठा काळ जाऊ द्यायचा, न सांगता पुन्हा विचारायचे. सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८७ पासून ही पद्धत वापरली. खऱ्या सिनेस्थेशियाच्या लोकांची उत्तरं वर्षानंतरही ९० टक्क्यांच्या वर जुळतात. बाकीच्यांची आठवड्यात विस्कटतात.

आणि हा आजार नाही. उपचार नको, औषध नको. ज्युलिया सिमनर यांच्या गटानं २००६ साली सरसकट लोकांची तपासणी केली, तेव्हा कुठला ना कुठला प्रकार साधारण ४ टक्के लोकांत सापडला. म्हणजे ५० मुलांच्या वर्गात दोघं. त्या वर्गात आणखी एखादं मूल ती वही बघून गप्प बसलं असेल.

भेंडीचं_पाणी

ताई, राम राम. आमचं शिये गावाकडं गुऱ्हाळ होतं, तीन पिढ्या. मी शास्त्र शिकलेला न्हाई, पण इंद्रियं एकत्र येणं म्हणजे काय ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आमच्याकडचा गुळव्या सत्तरीचा होता. काहिलीत रस आटाय लागला की तो बोलायचा बंद व्हायचा. रानभेंडीचं पाणी टाकून मळी काढून झाली की खरा खेळ सुरू. आधी फेस बारीक असतोय, मग बुडबुडे मोठं व्हत्यात, आणि आवाज बदलतो. सुरवातीला खळखळ, शेवटाला फदफद. वास आधी हिरवा असतो, उसाचा. मग भाजल्यासारखा. चुलवाणातल्या चिपाडाच्या धुरातनं तो वास त्याला कसा कळायचा देव जाणे. मग फावड्यावरनं धार धरून बघायचा, एक थेंब गार पाण्यात टाकून बोटांत गोळी वळायचा. गोळी काहिलीच्या काठावर मारली की टण्ण वाजली पायजे. वाजली की म्हणायचा, "उतरा." एक मिनिट इकडं तिकडं झालं की गूळ एक तर पातळ ऱ्हायचा न्हाईतर करपायचा.

पुढं शेतकी खात्याचा माणूस तापमापी घिऊन आला. घट्ट गुळाला ११८ अंशाला उतरा म्हणाला. गुळव्यानं "उतरा" म्हटलं तवा काटा तिथंच होता.

मला वाटतं सिनेस्थेशिया म्हणजे हेच. चूक असंल तर सांगा.

खासबागेची

दादा, तुमचं वाचताना नाकात गुऱ्हाळ भरलं. पण मला वाटतं गुळव्याचं आणि माझ्या मुलीचं वेगळं आहे, आणि नेमका इथंच शब्दाचा घोळ होतो.

गुळव्यासमोर एकच वस्तू आहे, काहिलीतला पाक. डोळा, कान, नाक, बोटं त्या एकाच पाकाबद्दल साक्ष देतात आणि तो चौघांची साक्ष एकत्र करून निकाल देतो. फेस खरोखर तिथं आहे, वास खरोखर तिथं आहे. माझ्या मुलीच्या 'ल'मध्ये पोपटी कुठंच नाही. एक संवेदन बाहेरून येतं आणि दुसरं आतून आपोआप त्याच्या मागे येऊन उभं राहतं. तिनं ठरवलेलं नसतं, आणि नको म्हटलं तरी थांबत नाही. तेही एकाच दिशेनं: 'ल' वाचला की पोपटी येतो, पण पोपटी पान बघितलं तर 'ल' येत नाही. मी विचारून बघितलं.

गुळव्याचं कसब शिकून आलंय. तिचं न शिकता आलंय.

भूलवाली

बरोबर. गुळव्याकडं जे आहे ते थोड्याफार प्रमाणात आपल्या सगळ्यांकडं असतं. मध्यमेंदूत असा एक भाग आहे, जिथल्या एकाच पेशीला डोळ्याकडूनही निरोप येतो आणि कानाकडूनही. दोन्ही निरोप एका वेळी, एका दिशेनं आले तर ती पेशी दोघांच्या बेरजेपेक्षा जोरात प्रतिसाद देऊ शकते. बॅरी स्टाइन आणि अ‍ॅलेक्स मेरेडिथ यांनी मांजरांवर हे दाखवलं.

आणि हे एकत्र येणं किती पक्कं असतं, त्यासाठी १९७६ सालचा मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांचा प्रयोग बघा. पडद्यावरच्या माणसाचे ओठ 'गा' म्हणतात, आवाज 'बा'चा लावलेला असतो, आणि ऐकणाऱ्याला पुष्कळदा ऐकू येतं 'दा'. 'दा' कुणीच म्हटलेलं नाही. डोळे मिटले की लगेच 'बा'. युक्ती माहीत झाली तरी परिणाम जात नाही.

संस्कृतमास्तर

निवृत्त शिक्षक आहे. पस्तीस वर्षं संस्कृत शिकवलं. हा धागा वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळी लिहायला बसलो.

आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, अनेक इंद्रियांचं ज्ञान एकदम होतं का हा प्रश्न फार जुना आहे. नैयायिक म्हणतात, मन अणूएवढं आहे, ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडलं जातं, म्हणून एका क्षणी एकच ज्ञान होतं. यावर प्रतिपक्ष विचारतो, मग लांब शष्कुली खाताना काय होतं? शष्कुली म्हणजे तळलेला कुरकुरीत पदार्थ, आपल्या कडबोळ्या-चकलीच्या कुळातला. तो मोडताना आवाज ऐकू येतो, रूप दिसतं, वास येतो, चव लागते, जिभेला खरखरीत स्पर्श होतो. पाचही एकदम! नैयायिकाचं उत्तर असं: एकदम नव्हे. कमळाच्या शंभर पाकळ्या एकावर एक ठेवून सुई खुपसली तर वाटतं सगळ्या एकाच क्षणी भोकसल्या गेल्या, पण सुई एकेक करूनच गेलेली असते. मन तसंच भरभर फिरतं.

उत्तर पटो न पटो, प्रश्न किती नेमका विचारलाय ते बघा. आणि उदाहरण घेतलंय ते फराळाच्या डब्यातलं.

आता शब्दाकडे येतो. अलंकारशास्त्रात दोन अलंकार एकत्र आले तर त्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. तीळ आणि तांदूळ मिसळले तर शेजारी शेजारी असतात, पण वेगळे ओळखू येतात. ती संसृष्टी. दूध आणि पाणी मिसळलं तर वेगळं काढता येत नाही. तो संकर. डॉक्टरबाईंनी सांगितलेला 'दा' हा संकर आहे, कारण त्यात 'बा' आणि 'गा' उरलेच नाहीत. पुरणपोळीची गोडी हाही संकर. सर्दी झाली की अन्न बेचव लागतं तेव्हा कळतं की ज्याला आपण चव म्हणत होतो तो निम्मा वासच होता. आणि तुमच्या मुलीचा 'ल'? शाई काळी दिसते आणि सोबत पोपटीही येतो, दोन्ही वेगळे कळतात. ती संसृष्टी. तीळ आणि तांदूळ.

खासबागेची

सर, हे वाचून मी मुलीला विचारलं, "काळा आणि पोपटी मिसळतात का ग?" तर म्हणाली, "छे. काळा कागदावर असतो, पोपटी इथं असतो," आणि कपाळाच्या जरा पुढं हात धरला.

रंकाळाफेरी

मी इथं फक्त वाचत असतो, आज पहिल्यांदा लिहितोय. अक्षरांना मला रंग नाहीत. पण वर्षाचे बारा महिने माझ्यासाठी एका ठरलेल्या जागी असतात, रंकाळ्याच्या फेऱ्यासारखे. लांबट गोल. जानेवारी शालिनी पॅलेसच्या अंगाला, मग पाण्याच्या काठानं पुढं पुढं, मे महिना फेऱ्याच्या पार पलीकडच्या टोकाला, आणि दिवाळी वळणावर. कुणी म्हटलं "लग्न फेब्रुवारीत आहे" की माझी नजर आपोआप त्या जागेकडं जाते. पन्नाशी ओलांडली, मला वाटायचं सगळ्यांचंच वर्ष असं कुठंतरी मांडलेलं असतं. काल बायकोला विचारलं तर ती माझ्याकडं बघतच राहिली.

हे यात मोडतं का?

भूलवाली

मोडतं. अंक, वार, महिने यांना अवकाशात जागा असणं हा प्रकार फ्रान्सिस गॅल्टन यांनी १८८० च्या सुमारास नोंदवला. लोकांकडून अंकांच्या रांगांची चित्रं काढून घेतली त्यांनी. अक्षर-रंगाची पहिली नोंद त्याच्याही आधीची. १८१२ साली जर्मनीत गेऑर्ग झाक्स नावाच्या वैद्यानं स्वतःच्या वर्णहीनतेवर, म्हणजे त्वचेत-केसांत रंगद्रव्य नसण्यावर, प्रबंध लिहिला, आणि जाता जाता त्यातच अक्षरांना, अंकांना, वारांना आपल्या मनात रंग असल्याचं लिहून ठेवलं. मूळ विषय दुसराच होता. "सगळ्यांचंच असं असेल" हे तर या लोकांकडून हमखास ऐकू येणारं वाक्य. घराण्यातही चालताना दिसतं. तुमच्या मुलांना विचारून बघा.

तानपुरा

देवल क्लबात जाऊन गाणं ऐकत वाढलेली पिढी आमची. आमचे गुरुजी शिकवताना म्हणायचे, "मारवा गाताना मावळतीचा रंग डोळ्यांसमोर आण." रागमालेची चित्रं तर शेकडो वर्षं काढली गेली. नाट्यशास्त्रात रसांना रंग दिलेत: शृंगार श्याम, रौद्र तांबडा, अद्भुत पिवळा, करुण पारव्याच्या रंगाचा. मग आपली अख्खी परंपराच सिनेस्थेशियाची म्हणायची का?

खासबागेची

तानपुरा, मीही आधी तसंच लिहिलं होतं आणि मग खोडलं. रसांचे रंग ठरवलेले आहेत. भरतमुनींपासून ते सगळ्यांसाठी एकच, आणि शिकावे लागतात. खऱ्या सिनेस्थेशियात दोन माणसांचे रंग सहसा जुळत नाहीत. माझ्या मुलीचा 'म' दुधाळ पांढरा आहे, तर तसाच अनुभव असलेल्या दुसऱ्या मुलीला तो कदाचित निळा वाटेल, आणि दोघी हट्टानं भांडतील. तुमच्या गुरुजींचं शिकवणं मोलाचंच, पण ती कल्पना आहे, मनानं आणलेली. हिच्याकडं रंग न आणता येतो.

बाहेरचा प्रभाव अजिबात नसतो असंही नाही म्हणा. अमेरिकेत फ्रिजवर चिकटवायची रंगीत अक्षरं मिळायची. अक्षरांना रंग असलेल्या काही हजार लोकांची तपासणी केल्यावर २०१५ साली संशोधकांना दिसलं की सुमारे ६ टक्के जणांचे रंग त्या खेळण्यातल्या रंगांशी जुळतात. म्हणून मी हिचा अंगणवाडीतला तक्ता माळ्यावरनं काढून ताडून बघितला. एकही रंग जुळला नाही.

उचगावची_मावशी

मी चटणीची ऑर्डर घेतो, वर्षाला पन्नास-साठ किलो, डंकावर कुटून. शास्त्र तुम्ही बघा, मी फक्त बोलीतलं सांगतो.

आमच्यात सगळंच 'बघतात'. मीठ बघ. वास घेऊन बघ. हात लावून बघ, गरम आहे का. ऐकून बघ, कुकरची शिट्टी झाली का. डोळ्याचं काम एवढंच न्हाई, जिभेनं पण बघायचं. आणि सगळंच 'लागतं'. गोड लागतं, ऊन लागतं, ठेच लागते, नजर लागते, गवयाचा सूर लागतो. तुमच्या लेकीचं इंद्रिय एकमेकांत गेलंय म्हणता, आमची भाषा तर कधीच गेलीय!

संस्कृतमास्तर

मावशी, तुम्ही फार मोठी गोष्ट सांगितलीत.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर महाराज मराठीच्या रसाळपणाबद्दल बोलतात. तिथं ते म्हणतात की या रसाळपणाच्या लोभानं कानांनाच जिभा फुटतील, इंद्रियांचं आपसात भांडण लागेल. शब्द खरं तर कानाचा, पण जीभ म्हणेल हा रस माझा. नाकाला त्यात सुगंध यावासा वाटेल, डोळ्यांना रूपाची खाण उघडल्यासारखं होईल, आणि बाहू आलिंगन द्यायला पुढं येतील. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. झाक्सच्या पाचशे वर्षं आधी.

यावरून महाराजांना सिनेस्थेशिया होता असं मात्र म्हणू नये. हे काव्य आहे, जाणूनबुजून घडवलेलं. पण इंद्रियांच्या सीमा ओलांडल्या जाऊ शकतात, आणि त्यात आनंद आहे, हे आपल्या भाषेला सातशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं. ज्या वर्गात त्या मुलीला नाटकी ठरवलं गेलं, त्याच वर्गाच्या भिंतीवर माउलींची तसबीर असण्याची शक्यता मोठी आहे. याचं मला शिक्षक म्हणून वाईट वाटतं.

बिंदूचौक

भाषेचा विषय निघालाच आहे तर माझी भर. भाषाशास्त्रात अशा शब्दयोजनेलाही सिनेस्थेशियाच म्हणतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. गोड गळा, कडू बोल, मऊ आवाज, थंड रंग. स्टीफन उल्मान यांनी कवितांमधली अशी उदाहरणं गोळा केली, तेव्हा त्यांना एक कल दिसला. शब्द स्पर्श आणि चवीकडून उसने घेतले जातात आणि आवाज-रंगाला दिले जातात, उलटं फार कमी होतं. मराठीतही तपासून बघा. 'गोड आवाज' सहज म्हणतो, 'कर्कश चव' कुणी म्हणत नाही.

पण मग मला आपल्या कोल्हापूरचाच शब्द आठवला. झणझणीत! झणझण हा मुळात आवाजाचा शब्द आहे, तारेचा, घुंगरांचा. तिथून तो अंगावर आला, मार बसला की हात झणझणतो. तिथून जिभेवर. म्हणजे आवाजाकडून स्पर्शाकडं आणि स्पर्शाकडून चवीकडं, उल्मानच्या बरोब्बर उलट. घमघमाट पण तसाच, ऐकायला आवाज आणि अर्थ वास. नादानुकारी, म्हणजे आवाजाची नक्कल करणारे, शब्द या नियमाला जुमानत नाहीत असं दिसतं. महाद्वार रोडला मिसळ खाताना आपण हा अपवाद रोज चावतोय.

शब्दाच्या नुसत्या आवाजाला आकार असतो, हेही दाखवून झालंय. एक टोकेरी आकृती, एक गोलमटोल, आणि दोन निरर्थक शब्द, 'किकी' आणि 'बूबा'. कोण कोणता? क्योलर यांनी १९२९ साली अशाच दुसऱ्या शब्दांची जोडी वापरली होती. रामचंद्रन आणि हबर्ड यांनी २००१ साली किकी-बूबा लोकप्रिय केली. २०२२ च्या एका पाहणीत २५ भाषांच्या लोकांची ७२ टक्के उत्तरं जुळली: किकी टोकेरी, बूबा गोलमटोल. आपल्याला प्रयोगाचीही गरज नाही. 'टोकदार, टणक, कडक' म्हणा आणि मग 'गुबगुबीत, गुळगुळीत' म्हणा. तोंडच आकार घेतं.

भूलवाली

झणझणीतवरून राहवत नाही, थोडं विषयांतर करते. तिखट ही चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सायसिन ज्या ग्राहकाला (निरोप टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, तो उष्णता आणि वेदना टिपणारा आहे. साधारण ४३ अंशांच्या वर जो पेटतो तोच. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं तो १९९७ साली ओळखला, आणि २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना अर्डेम पटापूटियन यांच्याबरोबर मिळालं. तांबडा रस्सा ओरपताना घाम फुटतो, कारण शरीराला खरोखरच भाजल्याचा निरोप गेलेला असतो. पाणी पिऊन फरक पडत नाही, कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. दही-दूध घ्या.

पण हा सिनेस्थेशिया नाही आणि संकरही नाही. इथं दोन इंद्रियं जोडलेली नाहीत, दोन कारणांना दारच एक आहे. 'तिखटजाळ' म्हणणाऱ्या माणसानं आधीच बरोबर ओळखलं होतं, त्यात जाळ आहे.

आणि एक महत्त्वाचं, हे कृपया लेखात घ्या. सिनेस्थेशिया लहानपणापासून असेल तर काळजी नाही. मोठेपणी एकाएकी आवाज ऐकून रंग दिसायला लागले, अपघातानंतर, फिट आल्यावर किंवा दृष्टी कमी होत असताना, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

कसबा_बावडा

सगळं वाचलं. मास्तरांचा 'संकर' शास्त्रात शोभतो, पण मुलांच्या अंकात 'संवेदनसंकर' लिहू नका. आमच्याकडं संकर म्हटलं की संकरित ज्वारी आणि संकरित गाय. पोरीला शाळेत काय म्हणतील? 'संसृष्टी' पाचवीतल्या मुलाला उच्चारता येणार नाही. सहसंवेदनचं काय झालं ते ताईंनी सांगितलंच, एक काना लागला की दया-मायेचा लेख.

संस्कृतमास्तर

मान्य. आणि संकर तसाही इथं चुकीचाच ठरला असता, कारण त्या मुलीचं दूध-पाणी नाही, तीळ-तांदूळ आहे.

भेंडीचं_पाणी

जोड म्हणा की. बैलांची जोड असती. दोघं एका जुवाखाली, पण बैल दोनच ऱ्हात्यात.

खासबागेची

भेंडीचं पाणी दादा, तुम्ही गाठ सोडवलीत. काल रात्री वाचलं आणि उठून बसले. जोड! मुलं पहिलीपासून जोडाक्षर शिकतात. 'स्त'मधला 'स' आणि 'त' दोघंही ओळखू येतात आणि तरी ते एका दमात येतात. जोडाक्षर, जोडशब्द, तसं जोडसंवेदन. एक आलं की दुसरं जोडीनं येतं, दोघं वेगळे राहून. मास्तरांची संसृष्टी यात बसते आणि पाचवीतल्या मुलाच्या तोंडातही बसते.

गुळव्यासाठी आणि पुरणपोळीसाठी संवेदनमेळ. अनेक इंद्रियं एकाच गोष्टीबद्दल मेळ घालतात. हा सगळ्यांकडं असतो. कवितेतल्या आणि बोलीतल्या गोड गळ्याला मी यातलं काहीच म्हणणार नाही, ती भाषेची लकब आहे, तिला वेगळा परिच्छेद देते आणि मावशींचं 'मीठ बघ' त्यात घालते. लेखात पहिल्यांदा 'सिनेस्थेशिया म्हणजे जोडसंवेदन' असं लिहीन, म्हणजे मूल मोठं झाल्यावर पुस्तकांत शोधू शकेल. पुढं सगळीकडं जोडसंवेदनच.

सकाळी डबा भरताना मुलीला शब्द सांगितला. तिनं दोनदा म्हणून बघितला. मग म्हणाली, "याचा रंग चांगला आहे. 'ज' किरमिजी, आणि शेवटी 'न' येतो तो राखाडी, पण मधला 'व' त्याला उजेड देतो." मी विचारलं, जोडाक्षरांना कोणता रंग येतो ग, हे मी कधी विचारलंच नव्हतं. डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, "पहिल्याचा. दुसरा फक्त कडेला दिसतो. पण 'क्ष'ला स्वतःचा आहे."

कोणता, ते सांगायच्या आत रिक्षा आली. संध्याकाळी विचारून इथं लिहिते.